लॅपटॉपला साउंड कार्ड घेताय? आधी उशीर किती, ते विचारा

भजनी मंडळे, शाळा आणि ग्रामपंचायतींसाठी खरेदीपूर्वीच्या चार गोष्टी

पेरण्या आटोपल्या, खुरपणीची घाई ओसरली, की गावाला श्रावणाचे वेध लागतात. देवळात पारायणाची तयारी सुरू होते. पखवाजाची वादी ताणली जाते, टाळांच्या दोऱ्या बदलल्या जातात. अलीकडे या तयारीत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. मंडळातला कॉलेजात शिकणारा एखादा पोरगा म्हणतो, "आपलं भजन लॅपटॉपवर रेकॉर्ड करू. फक्त एक साउंड कार्ड लागंल." वर्गणीतून पैसे निघतात, कुणीतरी तालुक्याला जातो आणि खोक्यावर ज्याचा आकडा मोठा दिसेल ती वस्तू घेऊन येतो.

आमच्या गावानेही हेच केले. त्यात पैसे गेले, त्याचे फारसे वाईट वाटत नाही. पण पैशाहून मोठे काही गेले. ते तुमच्या गावाचे जाऊ नये, म्हणून हा लेख.

आजी आणि हेडफोन

आमच्या आळीत एक आजी होत्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे. जात्यावरच्या ओव्या त्यांच्याइतक्या गावात कुणालाच येत नव्हत्या. त्यांच्याच्याने आता जाते ओढवत नव्हते, म्हणून पोरांनी शक्कल लढवली. नातसुनेला दळायला बसवून जात्याची घरघर आधी रेकॉर्ड केली. मग आजींच्या कानाला हेडफोन लावला. कानात घरघर ऐकायची आणि तिच्या ठेक्यावर माइकपुढे ओवी म्हणायची, असा बेत. आजींचा स्वतःचा आवाजही माइकमधून लॅपटॉपात जाऊन पुन्हा त्याच हेडफोनात येत होता.

पहिली ओवी अर्ध्यावर थांबली. दुसरीही थांबली. आजी म्हणाल्या, "अरे, माझा आवाज माझ्या मागं का येतोय?" पोरांना वाटले, वय झाले. पाणी दिले, पुन्हा बसवले. तिसऱ्या वेळी त्यांनी हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाल्या, "मला नाही जमत आता." पुढच्या आठवड्यात बघू, म्हणून आम्ही उठलो. पुढे सोयाबीनची काढणी आली, मग रब्बीची गडबड आली, आणि त्या गडबडीत आजी गेल्या. त्यांच्या ओव्यांची एक ओळ आज आमच्याकडे नाही.

आजींचे कान शाबूत होते. चूक आमची होती. त्या यंत्रातला उशीर त्यांनी बरोबर ओळखला होता आणि आम्हाला तो ऐकायलाही आला नव्हता. या उशिराला इंग्रजीत लेटन्सी म्हणतात. साउंड कार्ड घेताना पहिला प्रश्न याच उशिराचा हवा.

हा उशीर येतो कुठून?

दुकानात या वस्तूला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. ऑर्केस्ट्रावाली मंडळी नुसते साउंड कार्ड म्हणतात. आपण तिला डबी म्हणू. पेटी म्हटले तर हार्मोनियमशी घोटाळा होईल. या डबीला एका बाजूने माइक लागतो, दुसऱ्या बाजूने यूएसबीची तार लॅपटॉपला जाते आणि हेडफोनही डबीलाच लागतो. माइकमधून आलेल्या आवाजाचे डबी आकड्यांत रूपांतर करते. सेकंदाला साधारण ४८,००० आकडे. हे आकडे लॅपटॉपकडे जातात, तिथून परत येतात, आणि त्यांचा पुन्हा आवाज होऊन हेडफोनात वाजतो.

आता हे आकडे थेंबासारखे एकेक करून जात नाहीत. ते भांड्यात साठवतात. भांडे भरले की मग ते पुढे दिले जाते. या भांड्याला बफर म्हणतात, आणि त्याचे माप लॅपटॉपवर आपल्याला ठरवता येते: ६४, १२८, २५६, ५१२, १०२४. १०२४ चे भांडे भरायला २१ मिलिसेकंद लागतात. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. १२८ चे भांडे तीन मिलिसेकंदांच्या आतच भरते. जाताना एक भांडे आणि येताना एक भांडे, म्हणजे हिशेब दुप्पट. शिवाय आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करायला लागणारा वेळ व यूएसबीच्या वाटेवरचा वेळ वेगळा.

तुम्ही म्हणाल, मग भांडे लहानच ठेवावे. पण विहिरीवरून पाणी आणणाऱ्या गड्याचा विचार करा. मोठी घागर दिली तर खेपा कमी, पण पाणी उशिरा मिळते. तांब्या दिला तर पाणी लवकर येते, पण गड्याला सारखे पळावे लागते. १०२४ च्या भांड्याला सेकंदाला सुमारे ४७ खेपा होतात, १२८ च्या भांड्याला ३७५. आपला गडी म्हणजे लॅपटॉप. एक खेप जरी चुकली तरी आवाजात 'टक' किंवा 'चर्र' होते. आमच्या पोरांना अशी चरचर ऐकू येत होती, म्हणून त्यांनी भांडे वाढवत वाढवत १०२४ वर नेले. चरचर थांबली, पण उशीर पन्नास मिलिसेकंदांच्या आसपास गेला. आजींची ओवी तिथे अडखळली.

किती उशीर चालतो?

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे एका मिलिसेकंदाला फूटभर, किंवा जरा जास्त. हे लक्षात ठेवले तर सगळे आकडे डोळ्यांपुढे उभे राहतात.

दहा मिलिसेकंद म्हणजे साडेतीन मीटरच्या आत. भजनात समोरासमोर बसलेल्या दोन टाळकऱ्यांमध्ये एवढे अंतर असतेच आणि त्याचे कुणाला काही वाटत नाही. पन्नास मिलिसेकंद म्हणजे १७ मीटर, ओसरीपासून गोठ्यापर्यंत. स्वतःचाच आवाज गोठ्यातून परत आला तर तुम्ही तरी नीट गाल का? शंभर मिलिसेकंद म्हणजे ३४ मीटर. वारीला गेलेल्यांनी हा अनुभव घेतला आहे. दिंडी लांबली की विणेकऱ्याजवळचा टाळ आणि शेवटच्या रांगेतला टाळ जुळत नाही. शेवटच्या माणसाचा त्यात दोष नसतो. त्याच्यापर्यंत आवाजच उशिरा पोहोचतो.

ढोबळ हिशेब असा धरा. जाऊन-येऊन एकूण दहा मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेक गाणाऱ्यांना त्रास होत नाही. वीस-तीसच्या पुढे गेले की ठेका जड वाटू लागतो. पन्नासच्या पुढे नवखा माणूस थांबतोच. टाळ, चिपळ्या, पखवाज अशा तुटक आवाजांत हा उशीर लगेच कळतो. पेटीच्या लांब सुरात तो लपून राहतो. म्हणून परीक्षा टाळावर करा, पेटीवर नको.

आधी काम ठरवा, मग डबी

बैल घेताना आपण आधी काम पाहतो. नांगराला हवा की गाडीला? इथेही तसेच आहे.

पहिले काम: सगळे मंडळ एकत्र बसून गाते, समोर एक-दोन माइक आहेत आणि कुणाच्याही कानाला हेडफोन नाही. या कामाला उशिराची काहीच अडचण नाही. लॅपटॉपात आवाज अर्धा सेकंद उशिरा पोहोचला तरी भजन जसे झाले तसेच उमटणार. जात्यावरच्या ओव्यांचे मोठे काम हेमा राईरकर आणि गी पॉयत्वां यांच्या प्रकल्पात झाले. खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यात जमा झाल्या, आणि बर्नार्ड बेल यांनी १९९० च्या दशकात त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. आज 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. असल्या कामाला चांगला माइक आणि शांत जागा लागते. उशीर कमी करायला जास्त पैसे घालू नका.

दुसरे काम: मुलाखत, शेतीची माहिती, शाळेतली कविता. सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक रेडिओ केंद्र २००८ मध्ये सुरू झाले. अशा केंद्रासाठी कुणी बोलणे मुद्रित करून देणार असेल, तरी उशिराचा प्रश्न फारसा येत नाही. बोलणारा समोरच्याकडे बघून बोलतो, हेडफोनकडे नाही.

तिसरे काम: थरावर थर. आधी पखवाज, मग पेटी, मग गाणे. मागचे कानात ऐकत पुढचे गायचे. आमच्या आजींकडून आम्ही हेच करून घेत होतो. इथे उशीर आडवा येतो, पण त्यावर एक स्वस्त तोड आहे. ती खाली सांगतो.

चौथे काम: आवाजाला घुमारा देऊन, म्हणजे लॅपटॉपातून फिरवून तो लगेच कर्ण्यावर सोडायचा, किंवा छोट्या की-बोर्डवर बोट दाबून लॅपटॉपातला सतार-बासरीचा आवाज वाजवायचा. इथे उशिराला वळसा घालायची सोय नाही. या कामासाठीच कमी उशिराची डबी हवी, आणि तिच्यासाठी जास्त पैसे मोजणे योग्य.

मंडळाच्या बैठकीत हा प्रश्न आधी विचारा. बहुतेक मंडळांचे काम पहिले किंवा तिसरे असते, आणि दुकानदार चौथ्या कामाची वस्तू गळ्यात मारतो. कधी याच्या उलट होते.

एक गैरसमज इथेच दूर करू. पुण्या-मुंबईला असलेली पोरे व्हिडिओ कॉलवरून गावच्या भजनात टाळ धरतील, या आशेने काही जण महागडी डबी घेतात. तो उशीर इंटरनेटच्या वाटेचा असतो. घरातली डबी कितीही चांगली घेतली तरी तो जात नाही.

डबीत काय पाहायचे?

एक, डायरेक्ट मॉनिटर. ही वर सांगितलेली स्वस्त तोड. काही डब्यांवर या नावाचे बटण किंवा फिरवायचा खटका असतो. तो सुरू केला की माइकचा आवाज लॅपटॉपाकडे जातोच, पण त्याची एक फांदी डबीतूनच सरळ हेडफोनात येते. मुख्य पाटाचे पाणी शेवटपर्यंत जायची वाट न बघता वरच्या अंगालाच दारे फोडून घेतले, तसे. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज जागच्या जागी ऐकू येतो. मात्र त्या वेळी लॅपटॉपातून परत येणारा त्याचा आवाज बंद करायला विसरू नका. नाही तर एकच ओवी दोनदा ऐकू येईल. आम्ही आणलेल्या डबीवर हे बटणच नव्हते, आणि आम्ही ते विचारलेही नव्हते.

दोन, ड्रायव्हर. डबी आणि लॅपटॉप यांच्यातला मुकादम म्हणजे ड्रायव्हर. गडी दमदार असला तरी मुकादम ढिला असेल तर खेपा चुकतात. विंडोजच्या लॅपटॉपवर आवाजाच्या कामासाठी एएसआयओ नावाची पद्धत वापरतात. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने ती १९९७ मध्ये आणली. दुकानदाराला स्पष्ट विचारा, "या डबीला कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे का?" नसेल तर एएसआयओ४ऑल हा फुकटचा ड्रायव्हर वापरता येतो. पण तो विंडोजच्या नेहमीच्या ड्रायव्हरवर बसूनच काम करतो. अडल्यावेळी चालतो, पण घरच्या मुकादमाची सर त्याला नाही. ॲपलच्या लॅपटॉपात ही सोय मुळातच असते, तिथे ही चिंता कमी.

एकाच कंपनीच्या दोन डब्यांतही फरक असतो. बेहरिंजरची यूएमसी२२ ही एएसआयओ४ऑलवर चालते आणि त्याच कंपनीच्या यूएमसी२०२एचडीला कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर आहे. दोन्ही शेजारी ठेवल्या तर दिसायला भावंडेच. म्हणून नुसते कंपनीचे नाव सांगून वस्तू मागवू नका, पूर्ण नंबर लिहून द्या.

तीन, माइकची भोके. एकटा गाणारा असेल तर एक पुरते. गाणे आणि पखवाज वेगळे घ्यायचे तर माइकची दोन भोके हवीत. काही डब्यांवर भोके दोन दिसतात, पण त्यांतले माइकचे एकच असते, दुसरे गिटारसाठी. कंडेन्सर जातीचा नाजूक माइक असेल तर डबीवर ४८ व्होल्टचे बटण हवे. कर्ण्याच्या कामातल्या साध्या डायनॅमिक माइकला त्याची गरज नसते.

चार, खोक्यावरचे मोठे आकडे. १९२ किलोहर्ट्झ लिहिले म्हणून उशीर कमी होतो, असे नाही. भजनाला ४८ पुरेसे आहेत. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या वर ऐकत नाही आणि ४८ मध्ये तेवढे मावते. तसेच यूएसबीचे. यूएसबी-सी हा नुसता खोबणीचा आकार आहे, वेगाचा दाखला नव्हे. दोन माइकच्या आवाजाला सेकंदाला सव्वादोन मेगाबिटच्या आसपास जागा लागते आणि जुन्या यूएसबी २ ची वाट ४८० मेगाबिटची आहे. पाट रुंदच आहे. पाणी वेळेवर सोडणारा पाटकरी चांगला हवा, आणि तो म्हणजे पुन्हा ड्रायव्हरच.

नावे घ्यायचीच तर फोकसराइटची स्कारलेट २आय२, मोटूची एम२ आणि स्टाइनबर्गची यूआर२२सी या दोन माइकच्या डब्या आहेत. तिघींना कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर, ४८ व्होल्ट आणि डायरेक्ट मॉनिटरची सोय आहे. यूआर२२सी मध्ये घुमारा देण्याची सोय डबीतच आहे. त्यामुळे लॅपटॉपात फेरी न मारता गाणाऱ्याला घुमारा ऐकू येतो. आरएमई कंपनीच्या डब्या कमी उशिरासाठी नावाजलेल्या आहेत, पण किंमत कित्येक पट. चौथे काम रोज करणाऱ्यानेच त्या वाटेला जावे.

आणि खरेदीआधी घरात बघा. मंडळाकडे कर्ण्याचा मिक्सर असतोच. त्याला मागे यूएसबीचे भोक असेल तर तीच तुमची डबी. मिक्सरचा हेडफोन माइकचा आवाज थेट देतो, लॅपटॉपात फेरी मारून नाही. वर्षभर त्यावर हात बसवा. मग वाटले तर नवीन घ्या.

पैसे मोजण्याआधी टाळाची परीक्षा

बियाणे घेताना आपण उगवण तपासतो. डबीचीही तपासता येते. दुकानात जाताना आपलाच लॅपटॉप, एक टाळ आणि मोबाइल घेऊन जा. दुकानाच्या लॅपटॉपवर चालली म्हणून ती आपल्यावर चालेलच, असे नाही.

डबी जोडा, तिचा ड्रायव्हर टाका आणि बफर १२८ वर ठेवा. डायरेक्ट मॉनिटर बंद करा. आता माइकचा आवाज लॅपटॉपातून फिरून हेडफोनात येऊ द्या. हेडफोनचा एक कान मोबाइलला चिकटवा, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि माइकजवळ टाळ एकदाच वाजवा. मोबाइलमध्ये दोन आवाज उमटतील. एक टाळाचा खरा, दुसरा हेडफोनातून उशिरा आलेला. ते रेकॉर्डिंग लॅपटॉपवर ऑडॅसिटीसारख्या फुकटच्या प्रोग्रॅममध्ये उघडले की दोन टोके दिसतात. त्यांच्यातले अंतर म्हणजे एकूण उशीर. चांगल्या डबीत १२८ वर हे अंतर साधारण आठ ते बारा मिलिसेकंद भरते. पडद्यावर प्रोग्रॅम जो आकडा दाखवतो त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. तो ड्रायव्हरने सांगितलेला असतो आणि काही ड्रायव्हर आपला सगळा उशीर सांगत नाहीत.

मग तेच बफर ठेवून पाच मिनिटे सलग रेकॉर्ड करा आणि ऐका. 'टक टक' नसेल तर डबी आणि लॅपटॉप यांचे जमले.

हेडफोन तारेचाच हवा. ब्लूटूथचा हेडफोन एकटाच शंभर-दोनशे मिलिसेकंद, कधी त्याहून जास्त उशीर करतो. त्यापुढे बाकीची सगळी काटकसर वाया जाते.

घरी आणल्यावर

चरचर आली की लगेच डबीला दोष देऊ नका. आधी लॅपटॉपचे वायफाय बंद करा, बाकीचे प्रोग्रॅम बंद करा, आणि डबी मधल्या हबला न लावता सरळ लॅपटॉपला लावा. लेटन्सीमॉन नावाचा एक प्रोग्रॅम आहे. लॅपटॉपातला कोणता ड्रायव्हर खेप अडवून धरतो, ते तो दाखवतो. पुष्कळदा वायफायचाच निघतो.

आपल्याकडची दुसरी कटकट म्हणजे 'घूं' असा आवाज. जुन्या घरांत अर्थिंग धड नसते आणि ती घरघर चार्जरमधून आवाजात उतरते. चार्जर काढून बॅटरीवर काम करा, बहुधा लगेच थांबते. म्हणजे भारनियमनाच्या वेळेतच रेकॉर्डिंग उरकले तर उत्तम, असे म्हणायला हरकत नाही! फक्त एक ध्यानात ठेवा. बॅटरीवर गेला की लॅपटॉप वीज वाचवायला आपला वेग कमी करतो आणि खेपा चुकवतो. पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो पूर्ण वेगावर ठेवा.

आणि लॅपटॉप जुना असेल तर? विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घ्याल त्या डबीचा ड्रायव्हर आपल्या लॅपटॉपवरच्या विंडोजला चालतो का, हे आधी पाहा. डबी दहा वर्षे टिकते, ड्रायव्हर टिकेलच असे नाही.

ग्रामपंचायतीने दरपत्रक मागवताना

शाळेसाठी, वाचनालयासाठी किंवा गावच्या ध्वनिमुद्रणासाठी ग्रामपंचायत अशी वस्तू घेत असेल, तर सरपंचांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) एक विनंती. दरपत्रकात 'साउंड कार्ड, नग एक' एवढेच लिहू नका. तेवढ्यावर सर्वांत स्वस्त वस्तू येणार आणि ती कपाटात जाऊन बसणार. एवढे तरी लिहा:

१) माइकची दोन भोके, ४८ व्होल्टसह.
२) डायरेक्ट मॉनिटरची सोय.
३) कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर, सध्याच्या विंडोजवर चालणारा.
४) ४८ किलोहर्ट्झवर बफर १२८ असताना एकूण जाऊन-येऊन उशीर १२ मिलिसेकंदांपेक्षा जास्त नको. आमच्या लॅपटॉपवर टाळ वाजवून दाखवावा.
५) तारेचा हेडफोन, माइक आणि तारा यांचा दर वेगळा.
६) हमीची मुदत आणि दुरुस्ती कुठे होणार, त्याचा पत्ता.

चौथी अट वाचून एखादा पुरवठादार हसेल. हसू द्या. टाळ वाजवून दाखवल्याशिवाय बिल काढू नका.

शेवटची गोष्ट

आता पुन्हा आजींकडे येतो. नंतर एका रेकॉर्डिंगवाल्या जाणत्या माणसाला आम्ही ही हकिकत सांगितली. तो म्हणाला, "त्यांच्या एका कानावरचा हेडफोन जरा मागं सरकवायचा होता आणि लॅपटॉपातून येणारा त्यांचा आवाज बंद करायचा होता. एका कानात जातं, दुसऱ्या कानात स्वतःचा खरा आवाज. मोठमोठे गवयी असंच गातात." ओवी जात्याच्या थोडी मागे-पुढे उमटली असती, तर नंतर लॅपटॉपवर ती सरकवून जुळवता आली असती. म्हणजे नवीन डबी नको होती, ड्रायव्हर नको होता, एक रुपया लागला नसता. हात लांब करून हेडफोन दोन बोटे मागे सरकवायचा, एवढेच काम होते.

म्हणून वाचकहो, डबी जरूर घ्या. पण घेईपर्यंत थांबू नका. तुमच्या आळीतही ओव्या, भारुडे, पाळणे पाठ असलेले कुणीतरी म्हातारे माणूस असेल. आज संध्याकाळी गुरांचे दूध काढून झाले की त्यांच्या ओसरीवर जा. मोबाइल पाटावर ठेवा, रेकॉर्डिंगचे बटण दाबा आणि गाऊ द्या. त्यांच्या कानाला काही लावू नका. आणि मध्येच ते थांबून म्हणाले, "हे काहीतरी बरोबर नाही," तर त्यांचे वय काढण्याआधी आपले यंत्र तपासा.